शिंपीमामा आणि विमानाचं दार

गल्लीत सगळे त्यांना शिंपीमामा म्हणत. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की त्याची पाठ इस्त्रीच्या टेबलाला टेकायची. मामा मशीनवर, मामी दारातल्या स्टुलावर काजं-बटणं करत. "शिलाई माझी, पण शर्ट मिटतो तो हिच्यामुळे," मामा सांगायचे. मामी मान वर न करता म्हणायची, "तुमचं तोंड तेवढं मिटत नाही."

मामी गेली तेव्हा मामा रडले नाहीत. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला! आत चाचपून पाहिलं तर हाताला काही लागतच नव्हतं. पुढे त्यांनी किती तरी शर्ट बिनबटणांचे देऊन टाकले. कुणी तक्रार केलीच तर म्हणायचे, "हो का? राहिलं वाटतं." शेवटी मुलगी आली. दुकानाला कुलूप घातलं आणि म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला."

"बरं," मामा म्हणाले.

विमानात ते पहिल्यांदाच बसत होते. मुलीने ढग दाखवले, त्यांनी पाहिले. मग तिचा डोळा लागला. मामांना लघवीला जायचं होतं. लेकीला कशाला उठवा, म्हणून ते एकटेच मागे गेले. तिथे एक दार होतं, दाराला मोठा दांडा. मामांनी तो ओढला. हलेना. मग दोन्ही हातांनी जोर लावला.

"अहो, हा माणूस दार उघडतोय!" कुणीतरी किंचाळलं.

एका धिप्पाड प्रवाशाने मागून कॉलर धरून मामांना आडवं केलं, दुसरा पायांवर बसला. आरडाओरडा, रडारड, कुणी देवाचा धावा करतंय. मामांचा गाल खालच्या गालिच्यात रुतला होता. कॉलर आता शिवणीत उसवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. वाटत मात्र नव्हती.

विमानातली सेविका धावत आली. "सोडा त्यांना! एवढ्या उंचीवर ते दार उघडतच नाही. आतली हवा त्याला चौकटीत दाबून धरते. दहा पैलवान लावा, हलणार नाही."

"आणि उघडलं असतं तर?" धिप्पाड माणूस धापा टाकत म्हणाला.

"नाही उघडत म्हटलं ना." ती मामांकडे वळली. "काका, संडासाचं दार हे शेजारचं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गर्दीतून वाट काढत मुलगी पोचली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सेविका तिला समजावू लागली, "ताई, घाबरू नका, दार खरंच—"

"दाराचं नाही विचारत मी," मुलगी म्हणाली. ती बापाकडे बघत होती.

उतरल्यावर पोलिसांनी चौकशी केली, म्हाताऱ्याची चूक झाली म्हणून सोडून दिलं. घरी आल्या आल्या मुलीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. मामा बघत उभे राहिले.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना ते कसलं दार आहे?"

"नव्हतं गं. संडासच वाटला." मग ते म्हणाले, "पण लोक ओरडले तेव्हा कळलं. आणि उघडलं असतं तर काय झालं असतं, असा विचार आला. वाईट नाही वाटलं. बरंही नाही वाटलं. काहीच वाटलं नाही बघ."

मुलगी तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर रजा टाकली आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. "वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. मामा म्हणाले, "बरं."

कडी काही तिने परत लावली नाही. जावई चुकून आत येईल म्हणून मामा आंघोळ करताना सारखे खाकरत राहायचे. बाहेर मुलगी ओट्याशी उभी असायची. मध्येच खाकरणं थांबलं की तिचे हातही थांबायचे.