बोट पसंत करताना

माझ्यासाठी स्थळ बघणं आणि बाबांसाठी बोट बघणं ही दोन्ही कामं आमच्या घाटकोपरच्या घरात एकाच पावसाळ्यात निघाली. पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी नुकतीच इंटर सायन्स पास झाले होते आणि मला पुढे बी.एस्सी. करायचं होतं. मुलुंडच्या आत्याला मात्र माझं लग्न करायचं होतं. बाबांच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण लग्नाचा विषय निघाला की ते "बघू" म्हणत आणि बोटीचा विषय काढत.

बोट म्हणजे साधी खेळण्यातली नव्हे, रेडिओवर चालणारी. आपण पवईच्या तलावाकाठी उभं राहून बटण दाबायचं आणि तिने लांब पाण्यात वळायचं. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करत. फोर्टातल्या फुटपाथवर त्यांना विलायती मासिकांचा जुना गठ्ठा मिळाला आणि त्यातून हे खूळ घरात शिरलं. चोरबाजारातून लढाईच्या वेळचे व्हॉल्व्ह आले, आणि लोकांच्या रेडिओंचं सोल्डरिंग करत असे तशी मी त्यांचंही करू लागले. मुलगा नाही म्हणून भावाने मुलीला शिकवलं, असं आत्या म्हणे. मला नाही तसं वाटत. बाबा समोर येईल त्याला शिकवत. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी एकदा दारात उभं करून ओहमचा नियम सांगितला होता.

मासिकातली बोटींची चित्रं बाबांनी मोठ्या कागदांवर शाईने काढली आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरली. निवडीला तीन उरल्या. एक टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी बुटकी बोट. दुसरी लढाऊ विनाशिका, लांब आणि शिडशिडीत. तिसरं प्रवासी जहाज, तब्बल साडेपाच फुटी, वर होड्या, कठडे, शिड्या आणि खिडक्यांच्या रांगाच रांगा. त्या दिवसांत माझ्या कानावर दुसरं काही पडतच नव्हतं, त्यामुळे मला ही तिन्ही स्थळंच दिसायला लागली. टग बेताच्या उंचीची, पण नोकरी पक्की. विनाशिका देखणी, पण लक्षण काही खरं नाही. आणि प्रवासी जहाज म्हणजे मोठं खटलं, जन्मभर राबलं तरी काम संपायचं नाही.

मला ते खटलंच हवं होतं.

बाबांचा ओढा टगकडे होता. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत पाण्यात जाईल ही."

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू. म्हणजे टग पाण्यात आणि मी बोहल्यावर. याउलट मोठी बोट हातात घेतली तर दोन वर्षं सहज जाणार, आणि तेवढ्यात माझी बी.एस्सी. होणार. बाबा काम अर्ध्यावर टाकणाऱ्यांतले नव्हते आणि हाताखालचं माणूस सोडणाऱ्यांतले तर मुळीच नव्हते. मला इतक्यात लग्न नको, असं मुलीने तोंडाने म्हणायची तेव्हा सोय नव्हती, तो उद्धटपणा झाला असता. बोटीवरून मात्र कितीही भांडता येत होतं, आणि मी भांडत होते.

"बॅटऱ्याच केवढ्या जड आहेत, बाबा! टग बुडेल."

"बुडते का बघू या ना."

आम्ही तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून दोन्ही लहान बोटींचे ओबडधोबड तळ केले आणि मागच्या हौदात सोडले. विनाशिकेत वजन ठेवताच ती कुशीवर वळली आणि तळाला गेली. टगमध्ये बॅटऱ्या ठेवल्या, ती हलली नाही. मग बाबांना चेव आला आणि त्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून तिच्यात ठेवला.

"वरवंटा बुडाला तर चटणी दोघं दातांनी वाटा!" आई आतून ओरडली.

टग वरवंट्यासकट डौलात तरंगत राहिली. ज्या फिजिक्ससाठी मी एवढी भांडत होते त्यानेच ऐन वेळी दगा दिला. बाबा खुशीत शीळ घालत होते आणि मला त्या टगला एक लाथ घालावीशी वाटत होती.

त्याच रविवारी आत्या आली. जमिनीवरचे कागद चुकवत, पदर सावरत ती खुर्चीपर्यंत पोचली.

"काय रे हा पसारा?"

"बोट पसंत करतोय, अक्का."

"पोरीला स्थळ पसंत करायचं सोडून? ऐक. मुलगा भुसावळला रेल्वेत आहे. माणसं चांगली, काही मागत नाहीत. पुढच्या रविवारी बघायला येऊ म्हणतात. दिवाळी झाली की बार उडवून टाकू."

"बघू," बाबा म्हणाले. पण या वेळचं "बघू" नेहमीसारखं घट्ट नव्हतं. त्यांनी टगच्या कागदावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "तसं दिवाळीपर्यंत हेही काम आटपेल."

आई चहा घेऊन बाहेर आली. इतके दिवस ती त्या कागदांना फक्त ओलांडून जात असे. आज तिने कपबश्या खाली ठेवल्या आणि उकिडवी बसून तिन्ही बोटी नीट बघितल्या.

"अहो, यातली कुठली करायला जास्त वेळ लागेल?"

"ही काय," बाबांनी प्रवासी जहाजावर बोट ठेवलं. "नुसत्या होड्याच बघ किती. दोन वर्षं कुठे गेली कळायचं नाही."

"तुमच्या एकट्याच्यानं होईल?"

"छे! हिचा हात लागेल ना," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले.

"मग हीच करा."

"अगं, पण साडेपाच फूट! ठेवायची कुठे दोन वर्षं?"

"एवढी मोठी मुलगी ठेवता येईल, तर बोट काय जड झालीय?"

आईचं लग्न झालं तेव्हा ती मराठी सातवीत होती. परीक्षेला बसायच्या आधीच बोहल्यावर बसले, असं ती नेहमी हसत सांगे. त्या दिवशी ती हसत नव्हती. तिने आत्याच्या हातात कप दिला आणि "साखर बघा हो वन्सं, पुरेशी आहे ना," म्हणाली.

बाबा आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांनी टगचा कागद उचलला, हळूहळू गुंडाळला आणि कपाटावर टाकला.

"अक्का, भुसावळला कळव," ते म्हणाले, "मुलगी बोटीवर आहे म्हणावं. दोन वर्षं तरी उतरत नाही."

आमच्या कोकणातल्या माणसांत हे वाक्य मुलग्यांबद्दल बोलत. मुलगा बोटीवर आहे म्हटलं की मुलीकडचे मुकाट्याने थांबत, कारण समुद्रावर गेलेला माणूस परत येईल तेव्हाच यायचा. मुलीबद्दल ते आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आत्याने कपाळाला हात लावला. "काय गो, तू पण याच्यासारखीच झालीस?" असं ती आईला म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता तिलाच हसू फुटलं आणि चहा तिच्या पदरावर सांडला.

मलाही हसायचंच होतं. इतका आनंद मला इंटरच्या निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. पण मी त्या साडेपाच फुटी कागदावर ओणवी होऊन रडायलाच लागले.

"नकाशावर रडू नकोस," बाबा म्हणाले, "शाई फुटेल. त्या खिडक्या सगळ्या तुलाच कापायच्या आहेत."