रेषेच्या मागे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागायच्या जरा आधी, डांबरात एक चौकोन कापलेला दिसतो. त्याच्याखाली तार पुरली आहे. वर गाडी थांबली की सिग्नलला कळतं, गल्लीत कोणीतरी वाट बघतंय. नाहीतर तो मोठ्या रस्त्याची वाहतूक उगाच अडवत नाही.

आज सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन तिथे उभी होते. एक काका स्कूटरवरून आले आणि पांढरी रेष, चौकोन, सगळं मागे टाकून थेट झेब्रावर थांबले. आपण सगळेच तसे थांबतो. पुढे सरकलेला लवकर सुटतो, अशी आपली खात्रीच आहे. लाल दिवा काही जाईना. काकांनी हॉर्न वाजवला.

"काका, जरा मागे घ्या. तिथे तुम्ही सिग्नलला दिसत नाही."

"एवढा मोठा माणूस दिसत नाही?"

"चौकोनावर या, दिसाल."

पुटपुटत, पाय टेकत ते मागे आले. थोड्याच वेळात हिरवा लागला.

मला हा सिग्नल आवडतो. तो हॉर्नला बधत नाही, गाडी कुठली ते विचारत नाही. आपल्या जागेवर उभ्या राहिलेल्या माणसाची मात्र तो दखल घेतो. दिसण्यासाठी पुढे घुसायची सवय लागलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागेल, पण पटेल.

काका गेले. माझा रस्ता ओलांडायचा राहिलाच. दिवा पुन्हा लाल झाला, तेवढ्यात एक मोटरसायकल भरधाव आली आणि झेब्रावर जाऊन थांबली.

मी पिशवी खाली ठेवली.