गोठ्यातल्या बारा गाड्या

इलिनॉयमधल्या शॉमबर्गहून पश्चिमेला अर्धा तास गाडी हाकली की काचेची ऑफिसं संपतात आणि मक्याची शेतं लागतात. तिथे एका वळणावर मालिनीकाकू मेढेकरांचं घर होतं आणि घरामागे लाल लाकडाचा भलामोठा गोठा. गोठ्यात गाई नव्हत्या. ऑक्टोबर सरता सरता तिथे मोटारी यायच्या, जुन्या, जपलेल्या, बारा मोटारी, आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत काकूंची ओळख करून देताना मंडळातली सुलेखा म्हणायची, "लोक गाई पाळतात, आमच्या काकू कॅडिलॅक पाळतात, यार!" सगळे हसायचे. काकू हसत नसत. मोटारींची थट्टा त्यांना खपत नसे.

खरं तर गाईची हौस होती ती त्यांच्या नवऱ्याची, गिरीशरावांची. शॉमबर्गमध्ये इंजिनियरची नोकरी करता करता त्यांनी हे शेतघर घेतलं, ते रिटायर झाल्यावर एक गाय बाळगायची म्हणून. गाय राहिली बाजूला. ऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्येच त्यांचं हृदय बंद पडलं. काकूंना फोन आला तो सगळं आटोपल्यावर. मुलगा राजीव देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो म्हणाला, "आई, घर विक आणि इकडे ये." काकू म्हणाल्या, "बघू." काकूंचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे गिरीशरावांना ठाऊक होतं. राजीवला कळायला पाच वर्षं लागली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याआधी दोन शेतं पलीकडचे हॅन्सन दारात उभे राहिले. उंच, ताठ, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे त्रेपन्न सालची हिरवी पॅकार्ड मोटार होती आणि गॅरेजचं छप्पर गळत होतं. गोठ्यात एक कोपरा मिळेल का, त्यांनी विचारलं. काकूंना दिवस खायला उठत होता. त्या हो म्हणाल्या. पुढल्या वर्षी हॅन्सननी दोन मित्र आणले, मग त्या मित्रांनी आणखी. पाच वर्षांत गोठा भरला.

काम हॅन्सननी शिकवलं, आणि वर्गात शिकवावं तसंच शिकवलं. इलिनॉयच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ जुना पत्रा खाऊन टाकतं, म्हणून पहिल्या बर्फाच्या आत गाडी आत. आणायची ती धुऊन, अगदी खालून पुसून कोरडी केलेली. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. ऑइल नवं घालायचं, बॅटरी काढून घरात न्यायची, गाडी चार स्टँडवर उचलून ठेवायची म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. हँडब्रेक ओढायचा नाही. ओढला तर पाच-सहा महिन्यांनी तो सुटायला तयार नसतो. आणि वर प्लास्टिक मुळीच नाही, त्याखाली पत्र्याला घाम येतो. काकूंनी सुती चादरी एकाला एक जोडून बारा गाड्यांना बारा झबली शिवली होती.

उंदरांच्या बाबतीत मात्र हॅन्सनना काकूंनी शिकवलं. त्यांचे वडील बार्शीला धान्याच्या गोदामावर मुकादम होते. उंदीर कुठून येतो, काय बघून येतो आणि कशाला कंटाळतो, हे काकूंना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. सायलेन्सरच्या नळीत त्या तारेच्या घासणीचा बोळा कोंबत, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवत आणि गोठ्यात अन्नाचा कण येऊ देत नसत. एका गृहस्थांना त्यांनी हातातल्या सँडविचसकट बाहेर काढलं होतं.

दसऱ्याला त्या गोठ्याची पूजा करत. दाराला झेंडूची माळ, उंबऱ्यावर हळदकुंकू, बाहेरच्या पायरीवर नारळ. अक्षता वाहायच्या त्याही पायरीवरच, आणि लगेच झाडून टाकायच्या. आत काही नाही. देवालासुद्धा काकूंचे नियम पाळावे लागत.

पंच्याऐंशी साली दसरा ऑक्टोबर संपत आला तेव्हा पडला. गाड्या आलेल्या होत्या. पॅकार्ड मात्र हॅन्सनच्या भावाने आणली होती, कारण हॅन्सन हॉस्पिटलमध्ये होते आणि नेमकं दसऱ्याच्याच दिवशी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. काकूंनी पायरीवरची पूजा उरकली. मग तबक हातात तसंच धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. गिरीशरावांच्या वेळी देवाला काही म्हणायलाही सवड मिळाली नव्हती. आज होती. त्या आत गेल्या, पॅकार्डवरची चादर वर केली, कुंकवात भिजलेल्या अक्षता मूठभर घेऊन समोरच्या काचेखाली वाहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "या माणसाला राहू दे."

अक्षता दुसऱ्या दिवशी झाडून टाकायच्या हे त्यांच्या मनात होतं. पण सकाळीच मिसेस हॅन्सनचा फोन आला, ऑपरेशन नीट झालं. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी शिरा केला, डब्यात भरला आणि हॉस्पिटल गाठलं. अक्षता त्या साफ विसरल्या.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. हॅन्सन सोमवारी गाडी न्यायला येणार होते, म्हणून शनिवारी काकूंनी चादर काढली आणि गाडीचं दार उघडलं. नाकावर भपकारा आला. हा वास त्यांना बार्शीपासून ओळखीचा होता. पुढच्या सीटचा कापूस बाहेर ओढलेला, डॅशबोर्डखाली कुरतडलेल्या वायरी लोंबतायत, आणि हीटरच्या पंख्यात हाताएवढं घरटं. काकूंनी ते चिमट्याने ओढून काढलं. कापसात तांदळाचे लाल दाणे अडकले होते. काचेखाली हवा आत जायची जाळी असते. अक्षता तिच्यातून खाली गळल्या होत्या आणि उंदीर त्यांच्या मागोमाग आले होते. बाकीच्या अकरा गाड्या त्यांनी एकेक करून तपासल्या. कुठे एक लेंडीही नव्हती.

त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. गोदामवाल्याची मुलगी, आणि स्वतःच्या हाताने उंदरांना आमंत्रण! त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

रविवारी राजीवचा नेहमीचा फोन आला. त्याला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"आई, लिसन टू मी. त्यांना काही सांगू नकोस," तो म्हणाला. "तू कबूल केलंस तर सगळं तुझ्यावर येईल. शेतातले उंदीर आहेत, कुठेही शिरतात. कोणी विचारणार नाही."

ते खरंच होतं. घरटं फेकून दिलं की झालं. हॅन्सन स्वतःच म्हणाले असते की मिसेस मेढेकर, तुमचा काय दोष.

"आणि त्यांनी स्यू केलं, कोर्टात खेचलं तर? आई, इनफ. या फॉलमध्ये, ऑक्टोबरात, गाड्या आल्या नाहीत तर तू इकडे येतेस. कायमची. प्रॉमिस?"

ज्या बाईला बारा गाड्या राखता येत नाहीत, तिने हट्ट तरी कशाच्या जोरावर धरायचा? काकू म्हणाल्या, "बरं." या वेळी 'बघू' म्हणाल्या नाहीत.

सोमवारी हॅन्सन आले. खूप वाळले होते, पण ताठ होते. त्यांनी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली पाहिलं, सीट पाहिली. काकूंनी मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. तळहातावर पाच-सहा लाल दाणे होते.

"हे तांदूळ माझे आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "उंदीर यांच्यासाठी आले. वर्षातून एकदा आम्ही आमच्या अवजारांची पूजा करतो. तेव्हा मी हे तुमच्या गाडीवर टाकले आणि काढायला विसरले."

"सगळ्या गाड्यांवर टाकले?"

"नाही. फक्त तुमच्या."

"का?"

"त्या दिवशी तुमचं ऑपरेशन होतं."

हॅन्सननी एक दाणा टॉर्चच्या उजेडात धरून पाहिला. मग ते म्हणाले, "मिसेस मेढेकर, हे मला बाकीच्यांना सांगावं लागेल. त्यांच्या गाड्या आहेत. त्यांना कळलं पाहिजे."

"सांगा," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? माणूस सरळ होता म्हणून तर त्याच्या शब्दावर अकरा जणांनी गाड्या आणून ठेवल्या होत्या. पॅकार्ड सुरूच होईना. शेवटी ट्रक बोलावून ती ओढत न्यावी लागली. आठवडाभरात बाकीच्याही गेल्या. दरवर्षी जाताना लोक 'सी यू इन द फॉल' म्हणायचे. त्या वर्षी कोण म्हणालं आणि कोण नाही, हे काकूंनी कान देऊन ऐकलं, आणि नंतर उगाच ऐकलं असं त्यांना वाटलं.

उन्हाळाभर हॅन्सनचा फोन नाही. काकूंनी गोठा दोनदा धुतला आणि बाराच्या बारा चादरी उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्या. कोणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ऑगस्टमध्ये राजीवने नोव्हेंबरचं तिकीट पाठवलं. ते त्यांनी फ्रिजवर लावलं. येता जाता दिसायचं. सनीव्हेलला थंडी नव्हती, बर्फ नव्हतं, राजीवची बायको दीपा गुणाची होती. तरी ते तिकीट दिसलं की काकू दुसरीकडे बघायच्या. तिथे त्या राजीवच्या आई असणार होत्या, आणखी कोणी नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हॅन्सनचा फोन आला. इकडचं नाही, तिकडचं नाही, एकदम मुद्द्यावर. "तुमचा तो पूजेचा दिवस यंदा कधी आहे?"

काकूंनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाहिलं. यंदा दसरा बराच लवकर होता. त्यांनी तारीख सांगितली.

"थँक यू," म्हणून हॅन्सननी फोन ठेवला.

काकू समजल्या. तो दिवस टाळून गाडी दुसरीकडे कुठेतरी न्यायची असणार, किंवा इतरांना सावध करायचं असणार. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटलं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी रिकाम्या गोठ्याच्या दाराला माळ घातली. गाड्या नसल्या म्हणून काय झालं, गोठा तर होता. हळदकुंकू वाहून त्या नारळ हातात घेतात न घेतात तोच वळणावर इंजिनाचा आवाज आला. कान टवकारायची गरजच नव्हती. पॅकार्डचा तो घुमणारा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

गाडी धुतलेली होती, अगदी खालून कोरडी. हॅन्सन उतरले. त्यांच्या हातात कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा होता.

"तांदूळ यात ठेवायचे आणि डबा सीटवर," ते हेडमास्तरी आवाजात म्हणाले. "झाकण घट्ट बसतं, मी तपासून पाहिलंय. पत्रा उंदराला कुरतडता येत नाही."

काकूंनी डबा हातात घेतला. झाकण खरोखरच इतकं घट्ट होतं की पहिल्या झटक्यात उघडेना.

"आणि बाकीचे?" त्यांनी हळूच विचारलं. विचारताना त्या डब्याकडेच बघत होत्या.

"ते शनिवारी येतील. तुम्ही मला जे सांगितलंत ते मी त्यांना शब्दशः सांगितलं. माझ्या ऑपरेशनचंही." हॅन्सननी डबा घेऊन झाकण उघडून दिलं. "आता प्रत्येकाला स्वतःच्या गाडीत तांदूळ हवेत. मी सगळ्यांना आपापला डबा आणायला सांगितलंय. एकाने विचारलं, सिगारची लाकडी पेटी चालेल का. मी नाही म्हणून सांगितलं."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. पदराने डोळे पुसले आणि नारळ फोडला.

दुपारी त्यांनी स्वतःहून सनीव्हेलला फोन लावला. रविवार नसताना आईचा फोन आलेला बघून राजीव घाबरला. "आई? व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. ते तिकीट कॅन्सल कर," काकू म्हणाल्या. "गाड्या येतायत. आणि आता जास्त बोलू नकोस, मला बारा डब्यांच्या अक्षता करायच्यात."