आधी तोंड दाखव

१२ नोव्हेंबर. तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा धुवायला काढला. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात नवी डॉक्टर बसणार होती. आमच्या जुन्या डॉक्टर ताईसाहेब गेल्यापासून तो पडदा तसाच लटकत होता.

ताईसाहेबांसमोर बसलं की पेशंट सवयीने मनगट पुढे करी. त्या ते खाली ठेवायला लावत. "हात पळून जात नाही. आधी तोंड दाखव." मग चष्मा कपाळावर चढवून नुसत्या बघत राहत. माणूस अवघडून हसे, कधी रडे, आणि खरं काय दुखतंय ते सांगे. मी त्यांची नर्स. बाहेर गर्दी वाढली की मला वैताग यायचा.

ताईसाहेब म्हणजे घाटावरच्या एका लहानशा संस्थानाच्या राजाची मुलगी. घरच्यांनी डॉक्टरकीला नावं ठेवली, तेव्हा पनवेलला येऊन त्यांनी दवाखाना थाटला. आसपासच्या गावांतले लोक त्यांना राणी डॉक्टर म्हणत. कोणी वाकून मुजरा केला तर विचारत, "पाठ दुखते का? मग झोप टेबलावर."

दुपारी पेशंट नसले की मोबाइलवर कोरियन मालिका बघत. एकीत जुन्या काळचा राजपुत्र वैद्यकी शिकतो आणि सगळा दरबार त्याला हसतो. "माझी गोष्ट चोरली मेल्यांनी! विचारलंसुद्धा नाही." पण एका भागात राणी आजारी पडली. पडद्याआड तिच्या मनगटाला दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक बाहेर वैद्याच्या हातात दिलं. ताईसाहेबांनी मोबाइल पालथा घातला.

"आमच्याकडे दोरा नव्हता. बायका पडद्याबाहेर हात काढत," त्या म्हणाल्या. "आईसाहेबांना परक्या पुरुषाचा हात लागू द्यायचा नव्हता. त्यांनी स्वतःऐवजी दासीला हात पुढे करायला लावला. वैद्यबुवा म्हणाले, नाडी उत्तम आहे. आठवड्यात आईसाहेब गेल्या." मग म्हणाल्या, "ती दासी किती रडली. तिला वाटायचं, आपल्या चांगल्या तब्येतीनेच त्यांना मारलं."

दवाखान्यातला पडदा फक्त नातेवाइकांसाठी होता. एकदा करंजाड्याची एक सासू सुनेला घेऊन आली. "हिला काय नाय झालंय. जेवत नाय, नुसते नखरे हायत."

"मावशी, तुम्ही दमलात. बाहेर पंख्याखाली बसा."

"मी नाय हलणार. आमच्यात सासू सांगते, सून नाय बोलत."

"आमच्यातही तसंच होतं," म्हणत ताईसाहेबांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पडदा ओढला. बऱ्याच वेळाने सून बोलली. छातीत गाठ होती, कोणाला दाखवली नव्हती. ऑपरेशन करून वेळेत काढली. पुढे तीच बाई स्वतःच्या सुनेला घेऊन येई आणि न सांगता बाहेर पंख्याखाली बसे.

यंदा उन्हाळ्यात ताईसाहेबांनी दोन दिवस दवाखाना उघडला नाही. मागच्याच खोलीत राहायच्या. मी गेले तर भरदुपारी मच्छरदाणी लावलेली, तोंडावर पदर. त्यांनी मच्छरदाणीतून फक्त हात बाहेर काढला. "साधा ताप आहे. नाडी बघ आणि जा."

नाडी ठीक होती. मी मच्छरदाणी वर केली. "हात पळून जात नाही. आधी तोंड दाखवा."

"आम्हाला हुकूम करतेस?"

"हो."

त्यांनी पदर काढला. डोळे हळदीसारखे पिवळे. "कधीपासून?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर मी आहे. प्रश्न मी विचारते."

मी त्यांना हॉस्पिटलात हलवलं. आजार फार पुढे गेला होता. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. शेवटपर्यंत मी खाटेजवळ आले की चष्म्याशिवायही माझ्याकडे बघत राहत. "तू नीट झोपत नाहीस," म्हणत. ते खरंच होतं. अजूनही झोपत नाही, पण आता ते कोणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा दमटच होता. तसाच लावला. पहिली बाई आली ती नवऱ्याबरोबर. बाईने मनगट पुढे केलं, नवरा सांगू लागला, नवी डॉक्टर मान खाली घालून कॉम्प्युटरवर लिहू लागली. मी नवऱ्याला पंख्याखाली नेऊन बसवलं आणि पडदा ओढला. बाईचा हात हलकेच तिच्याच मांडीवर ठेवला. मग डॉक्टर मान वर करेपर्यंत तिथेच उभी राहिले.