पल्याडची म्हातारी

आमच्याकडं कुणाला "फोटो काढू का?" म्हणून विचारायची सोय नाही. विचारलं की माणूस हातातलं काम सोडतो, टोपी सरळ करतो, छाती काढून उभा राहतो आणि चेहरा असा करतो की त्यापेक्षा आधारकार्डावरचा बरा. म्हणून मी विचारतच नाही. जुना कॅमेरा घेतला तो लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससाठीच. सांगलीच्या भाजीबाजारात, वाईच्या घाटावर, कराडच्या स्टँडवर मी कशाच्या तरी आडोशाला उभी राहून बेसावध माणसं टिपत असते. आईच्या मते पोरीला नोकरी लागली आणि तिथंच पोरगी बिघडली.

कॅमेऱ्यापुढं कधीच सावध न होणारा एकच माणूस मला माहीत आहे, माझे वडील. आप्पा पलटणीतून निवृत्त होऊन आले ते थेट उसात शिरले. गाव आमचं पलूसच्या पुढं, कृष्णेला लागून. सुट्टीला मी सांगलीहून जाते आणि त्यांच्या मागं मागं फिरते. ते मोटरला शिव्या देत असतात, पायातला काटा काढत असतात, आणि मी तिथं आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

या थंडीत मोटर सारखी पाणी सोडायला लागली, म्हणजे ओढेनाशीच व्हायची. नदीत टाकलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळीचा फुटव्हॉल असतो. त्यात जलपर्णी नि प्लॅस्टिक अडकलं की मोटर नुसती घुमते. मग कुणीतरी छातीभर पाण्यात उतरून हातानं जाळी मोकळी करायची. आणि आमच्या नदीत मगर आहे.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. वन खात्यानं पाटी लावलीय, तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात. नदीवर तिचं नाव कुणी घेत नाही, म्हातारी म्हणतात. उन्हं वर आली की ती पल्याडच्या गाळाच्या मळीवर येऊन पडायची. त्यावरनं गावानं आपला एक नियम करून टाकलेला: म्हातारी पल्याड दिसली की पाणी मोकळं, दिसली नाही तर थांबायचं. इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं, त्यामुळं नियमाबद्दल कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

आप्पांची नजर अलीकडं कमी झालेली. पल्याडचा ओंडका कुठला नि म्हातारी कुठली, त्यांना उमगेना. तिथं माझ्या लेन्सचा उपयोग निघाला. मी मोटरच्या खोलीपाशी उभी राहायची आणि ते काठावर सदरा उतरवत विचारायचे, "पडलीया का गं म्हातारी?"

मी लेन्स ओढून बघायची. "पडलीया, आप्पा."

"मग झालं." आणि उतरायचे.

मला लय अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॅमेऱ्याला कामाची वस्तू मानलं होतं. पल्याडचा एखादा फोटो घ्यायचा, मग पाण्यातल्या आप्पांचे काढत बसायचं.

एका सकाळी सांगलीच्या खोलीवर हे सगळे फोटो लॅपटॉपवर बघत होते. म्हातारीचे एक-दोन निवडून मोठे छापून घ्यायचे होते. एका फोटोत तिच्या शेपटीवरच्या करवतीसारख्या दात्यांची रांग मधेच तुटलेली होती. दुसऱ्यात रांग अखंड. वाटलं, कोन वेगळा असेल. आणखी मागचे उघडले. तुटकी, तुटकी, अखंड, तुटकी, अखंड. एकच म्हातारी समजून मी दोघींचे फोटो काढत होते.

मग, ज्या सकाळी पल्याड अखंड शेपटीची पडली होती, त्याच सकाळचे आप्पांचे फोटो उघडले. आप्पा छातीभर पाण्यात, मान तिरकी, दोन्ही हात खाली जाळीत. हा फोटो इतका झकास आलेला की मी मैत्रिणींना पाठवला होता. त्यांच्या पाठीमागं जलपर्णीच्या हिरव्यात एक काळी रेघ होती. दाते असलेली, मधे तुटलेली. आप्पांच्या आणि तिच्या मधे फार तर एखादी म्हैस मावली असती.

"पडलीया, आप्पा," मीच म्हणाले होते.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला; नदीवर त्यांचा फोन सदऱ्याच्या खिशात, खुंटीला असतो. मग आईला लावला.

"नदीवर गेल्यात की. मोटर पाणी घेईना," आई म्हणाली. "आन् म्हातारी पडलीया पल्याड, शेजारचं आत्ताच सांगून गेल्यात."

आईला म्हटलं, पळ, हाका मार, उतरू देऊ नकोस. लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि गाडी काढली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक, आणि मी प्रत्येकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. वाटेत देवाला काय काय कबूल केलं ते सांगत बसत नाही. कॅमेरा विकीन, हे त्यात पहिलं होतं.

आप्पा काठावर बसले होते. जाळी साफ करून वर आलेले, केस अजून ओले. शेजारी आई त्यांचा दंड धरून बसली होती. तिच्या हाका पोचेपर्यंत काम उरकलं होतं. मोटर झक्क पाणी ओढत होती.

मी तिथंच मातीत लॅपटॉप उघडला. आईनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "काळ आला हुता, वेळ आली नव्हती," एवढंच म्हणाली. आप्पांनी चष्मा लावून फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मला वाटलं, आता ओरडतील, मला नाहीतर नशिबाला.

"म्हंजे दोन हायत," ते म्हणाले. "मग तिसरी न्हाई कशावरनं?"

नंतर मी भांडले, रडले. पाण्यात उतरायला गडी लावा म्हटलं. "दुसऱ्याच्या लेकराला पाण्यात ढकलून मी काठावर बसू व्हय?" झालं, विषय संपला. ऊस उभा आहे, जाळी तुंबायची थांबत नाही. आता आई त्यांच्या कमरेला दोर बांधते, दुसरं टोक मोटरच्या खोलीच्या खांबाला. दोरानं काय होणार, हे तिघांनाही कळतं. कॅमेरा विकला नाही. पल्याड बघणं सोडलं, त्यांच्या भोवतीचं पाणीच लेन्समधनं बघत राहते. आप्पांनी विचारणंही सोडलं. माझ्या हो-नाहीला आता काही अर्थ उरलेला नाही, आणि तरी ते उतरतात.

परवा मोटरनं परत पाणी सोडलं. मी कॅमेरा डोळ्याला लावून तयार होते. सदरा अजून त्यांच्या अंगातच होता. आप्पा काठापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले. टोपी सरळ केली, छाती काढली आणि जन्मात पहिल्यांदा थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"काढ," म्हणाले. "नीट येऊ दे."

मी काढला. मग त्यांनी सदरा खुंटीला अडकवला, आईकडनं दोर बांधून घेतला आणि पाण्यात उतरले.