आखाजी व्हई जाऊ दे

शहाद्यातल्या आमच्या जुन्या घराला तळघर आहे. सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून उन्हाळ्यात त्यांची खाट आम्ही तिथेच टाकतो. वर पत्रा तापतो, खाली गारवा असतो. त्यांना एकट्याने उठता येत नाही, आणि खाटेपासून दोन हातांवर मोरी आहे.

त्या मोरीने माझ्या जिवाला घोर लावला होता. गल्लीतला रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला, गटारही नव्याने वर घेतलं. तळघर तेवढं जिथल्या तिथे राहिलं. शेजारी कुणी बादली ओतली की आमची मोरी गुडगुडायची. पोळ्या लाटतानाही माझा एक कान खालीच असायचा.

प्लंबर पाहून गेला. म्हणाला, घाण उलटी येऊ नये म्हणून पाइपात झडप बसवावी लागेल, फरशी फोडावी लागेल. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, चार दिवसांवर आलेली. आखाजीच्या तोंडावर आमच्याकडे कुणी फरशी फोडत नाही. शेतावरच्या सालदाराचं नवं सालसुद्धा आखाजीपासूनच धरतात. त्यात नणंदा माहेरपणाला येणार. मी थाटात सांगितलं, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखू." शहाणीच मी!

आखाजीच्या दुपारी गल्लीत घरोघरी आमरस होता. एकाच वेळी सगळीकडे पातेली धुतली जात होती, साली-कोयी मोऱ्यांतून गटारात जात होत्या. माझ्याही गेल्या, खोटं कशाला बोलू? नणंदा जेवत होत्या, हसत होत्या. त्या गलक्यात मोरीकडे कान द्यायचा राहिला. मग वास आला.

मी धावत जिना उतरले. शेवटची पायरी दिसतच नव्हती. काळं पाणी खाटेच्या पट्ट्यांना टेकलं होतं, वर आंब्याच्या साली तरंगत होत्या. सासरे दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, डोळे उघडे ठेवून पडले होते. मला इतकी भीती वाटली की त्यांच्यावरच ओरडले, "काबर हाक मारी नहीं तुम्ही, आबा?"

"पोरी जेवी ऱ्हायन्यात ना, बेटा," ते म्हणाले. "म्हटलं, व्हई जाऊ दे त्यास्नी आखाजी."