फुवांचा उलटवलेला कोट

साऱ्या खानदेशात आमच्या फुवांइतका ऐटीत हिवाळा काढणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि त्याच हिवाळ्यावर संशय घेणारा माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे, फुईचे यजमान. शहाद्याच्या शाळेत मास्तर. मी तेव्हा तिथल्याच कचेरीत उमेदवार कारकून होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो, तेव्हा सांगतो ते ऐकीव नव्हे. दिवाळी उलटली, सातपुड्याकडून वारा सुटला, गावातले लोक शेकोटीला बसू लागले, तरी फुवांची गरम कपड्यांची पेटी काही उघडायची नाही. लोक कुडकुडतात यावरून थंडी पडली असे मानायला ते तयार नव्हते. लोक काय, देखल्या देवा दंडवत घालणारे! फुवा खिडकीत खोबरेल तेलाची वाटी ठेवत आणि सकाळी उठल्याबरोबर ती कलती करून बघत. तेल वाहिले तर थंडी खोटी, गोठले तर खरी. एकदा तेल चांगले दगडासारखे गोठले, तर त्यांनी फुईकडे रोखून पाहिले आणि विचारले, "वाटी कोनी हालाडी का?" फुई म्हणाली, "हो, मीच रातभर पंखा घालीसन तेल गोठाडं." त्यावर फुवांनी आणखी एक दिवस वाट पाहिली.

पेटी उघडली म्हणजे मात्र घरात सण असे. आतून लिंबाचा पाला आणि तंबाखूचा वास यायचा, कारण लोकर खाणारी कसर ही जात फुवांच्या मते दुकानदारांहून बेरकी. मग एकेक चीज बाहेर निघे. करड्या लोकरीचा उघड्या गळ्याचा कोट. फुईच्या फाटलेल्या शालीचा किनारीकडचा पट्टा काढून केलेला तांबडा गळपट्टा. तो ते अशा काही झोकात टाकत की नवा घेणाऱ्याला लाज वाटावी. जुन्या पायमोज्यांचे तळवे कापून केलेली मनगटे. सदऱ्याच्या आत छातीशी घडी करून ठेवलेले वर्तमानपत्र, कारण कागदातून वारा जात नाही. ते वर्गात जरा जोरात श्वास घेऊन रागावले की छातीतून कुरकुर ऐकू येई आणि पोरे माना खाली घालत. वर पांढरेशुभ्र धोतर, काळी टोपी आणि तेलाचा हात फिरवलेले जोडे. फुवा असे सजून बाजारातून निघाले की लोक वळून बघत आणि आपापसांत म्हणत, मास्तरकीच्या पगारात हे कसे जमते? कोणी म्हणे वडिलांनी पुरून ठेवलेले सापडले, कोणी म्हणे सासऱ्याचे. जगावर संशय घेणाऱ्या फुवांना जगाने आपल्यावर घेतलेला हा संशय मात्र फार आवडे. तो फिटू नये म्हणून ते थोडे हळू चालत.

लोकर विकत घ्यायची तर फुवा काडेपेटी खिशात घालून जात. धागा जाळायचा, केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागद जळल्याचा आला तर सूत. दुकानदाराने आपण होऊन धागा काढून दिला तर तो फुवांना चालत नसे. तो मुद्दाम दुसऱ्या गाठोड्यातला असणार. ते स्वतः मधोमध बोट घालून धागा ओढत आणि दुकानातच जाळत. एका घोंगडीवाल्याच्या ढिगावर ठिणगी पडली तेव्हा तो बिचारा पाण्यासाठी धावला आणि फुवा समाधानाने वास घेत म्हणाले, "लोकर शे. आते इश्वास बसना." कापडाच्या बाबतीत त्यांचा सगळा रोष आमच्या गल्लीतल्या शिंप्यावर. शिंपी कापड चोरतो ही त्यांची श्रद्धाच. कापायला घेतल्यापासून शेवटचे बटण लागेपर्यंत ते समोर पाटावर बसून राहत आणि जेवायला उठले तर अर्धा शिवलेला कपडा सुईसकट काखेत मारून नेत. शिंपी म्हातारा, शांत. तो म्हणे, "मास्तर, मी पानी पी येस. तवलोंग मनी कातर तुम्ही धरा." आणि फुवा खरोखरच कातर धरून बसत.

त्या करड्या कोटाची गोष्ट अशी की तो उलटवलेला होता. आता कोणाला ठाऊक नसेल, पण त्या काळी कोट विटला की शिंप्याकडून सगळा उसवून घेत, आतली ताजी बाजू वर आणत आणि पुन्हा शिवत. कोट नवा दिसे. फक्त एक खोड राही. सगळेच डावे-उजवे होऊन जाई, छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई आणि काजेही भलत्या बाजूला येत. जाणता माणूस एका नजरेत ओळखी, आणि फुवांइतका जाणता दुसरा नव्हता. लग्नाच्या पंगतीत, सभेत, कचेरीच्या ओट्यावर ते समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या काजांकडे बघत. "यामा काहीतरी शे," असे पुटपुटत आणि त्या माणसाशी जपून बोलत. स्वतःच्या उजव्या खिशावर मात्र त्यांचा गळपट्टा नेहमी बरोबर येऊन पडलेला असे.

असल्या माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असणे ही मोठी कठीण गोष्ट. माझी आतेबहीण काशी विशीला आली होती, आणि त्या दिवसांत विशी म्हणजे फुईच्या घशाखाली घास न उतरण्याचे वय. काशीत उणे काही नव्हते. तीन स्थळे चालून आली होती आणि तिन्ही फुवांनी मोडली होती. पहिल्या मुलाचे दात फार पांढरे होते. दुसऱ्या घरचे लोक एका बैठकीत हो म्हणाले. इतक्या लवकर हो कोण म्हणतो? तिसऱ्याच्या आईने आमच्या विहिरीला पाणी किती म्हणून विचारले. शेजारच्या गावांतून आता मध्यस्थही येईनासे झाले होते, आणि हे चौथे स्थळ गेले तर पाचवे यायचे नाही, हे घरात सगळ्यांना कळत होते.

हे चौथे स्थळ तापीपलीकडचे, दोंडाईच्याच्या बाजूचे. मुलाचे वडील तिकडच्या एका खेड्याचे पाटील; दत्ताच्या यात्रेला सारंगखेड्याला घोडी विकायला येणार होते, तेव्हा तिथेच मुलगी बघायची ठरली. आम्ही गाडी जुंपून गेलो. यात्रेत घोड्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. एका बाभळीखाली सतरंजी टाकली होती, तिच्यावर एका बाजूला फुवा आणि समोर पाटील. पाटीलही कोट घालून आले होते, तपकिरी, चांगला कडक. दोघांनी एकमेकांना रामराम केला आणि दोघांची नजर एकदमच खाली घसरली. मी पाहिले. पाटलांची काजेही भलत्याच बाजूला होती. वाऱ्याने त्याच क्षणी फुवांचा गळपट्टा उडवला. उजवा खिसा झाकायला दोघांचेही उजवे हात छातीवर गेले.

"मास्तर, कोट झकास शे. कापड कोठलं?" पाटलांनी विचारले.

"जुनं शे. आसं कापड आते कोठे भेटस?"

"खरं शे. मन्हं बी जुनंच शे."

चहा आला, तो दोघांनीही उजवा हात छातीवरून न काढता डाव्या हाताने घेतला. तिकडे गाडीजवळ पाटलांच्या मुलाने काशीला एकच प्रश्न विचारला, "तुले थंडी वाजी ऱ्हायनी का?" ती नाही म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, "माले तं भलती वाजी ऱ्हायनी." काशीने नंतर फुईला सांगितले की एवढ्या सजलेल्या पुरुषांत खरे बोलणारा तेवढा एकच होता.

परतताना गाडी सारंगखेड्याच्या बाहेर पडली नाही तोच फुवांनी निकाल दिला. "नही जमनार. त्याना कोट उलटा करेल शे. जो मानूस लोकेसले कोटनी मांगली बाजू दखाडस, तो आपला घरनी कोनती बाजू दखाडी?"

फुई पदर तोंडाला लावून बसली. काशी मात्र शांतपणे म्हणाली, "आप्पा, आन तुमना कोटनी काजं कोनती बाजूले शेतस?"

फुवांनी गळपट्टा नीट केला. फुईला मग धीर आला. "तीन जागा मोड्यात तुम्ही. आते ही बी मोडा, आन पोरले कोटना संगे पेटीमा ठेवी द्या. लिंबना पाला मी आनी देस." शहादे येईपर्यंत फुवा बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले.

चार दिवसांनी त्यांनी दाढ दुखते म्हणून शाळेतून रजा काढली. आयुष्यातली पहिली. मला म्हणाले, चल. आपल्या कानांवरही त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून साक्षीदार हवा होता. नावेने तापी उतरून आम्ही थेट पाटलांच्या गावच्या शिंप्याकडे गेलो. माणसाची खरी माहिती फक्त शिंप्याला असते, असे त्यांचे मत. फुवांनी आडून आडून विचारायला सुरुवात केली, पण तो शिंपी चांगला तोंडाळ निघाला. "पाटील? त्यासना एकच कोट शे. घरमा बायको, पोरंसोरं, बठ्ठासले नवं झायं का मंग त्यासना नंबर येस. आन तो काही आजलोंग उना नही." फुवा बाहेर येऊन मला म्हणाले, "पढाई ठेल व्हई." म्हणजे पाटलांनी शिंप्याला पढवून ठेवले असेल. पण हे ते नेहमीच्या जोराने म्हणाले नाहीत.

दुपार कलताना आम्ही नावेतून सारंगखेड्याच्या घाटावर उतरलो, आणि त्याच नावेत चढायला पाय उचलून समोर कोण उभे? पाटील.

"मास्तर! तुम्ही आठे?"

"आसंच. सहज."

"मी बी सहजच उनथू, शहादाले."

नावाडी खोळंबला होता. शेवटी पाटीलच म्हणाले, "तुमना शिंपी भला मानूस शे. तो बोलना का मास्तर माले चोर समजतस. पन आंडेरनी, काशीनी, चोळी शिवानी ऱ्हायनी का बठ्ठात भारी कापड लयतस, आन सोतानं तेच जुनं उलटं करी लेतस." आणि ते मोठ्याने हसले. "आन मना शिंपीनं काय सांगं?"

फुवा हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला, छातीतला कागद कुरकुरला. "तेच," ते म्हणाले. आणि मग, "माघमा तिथ दखूत."

माघात लग्न झाले. लग्नभर फुवांचा संशय नुसता ओसंडत होता. अक्षतांत खडे, तुपात तेल, वाजंत्रीवाल्यांत एक माणूस कमी. पाठवणीसाठी वऱ्हाड आदल्या दिवशीच सारंगखेड्याला येऊन मुक्कामाला राहिले, कारण पहिली नाव उजाडता सुटायची होती. काशीसाठी फुवांनी खरी लोकरीची शाल घेतली होती. चार जागी धागा जाळून पाहिलेली, आयुष्यात एवढी चांगली चीज त्यांनी स्वतःसाठी घेतली नव्हती. वऱ्हाडाच्या गर्दीत ती कोणी लांबवील म्हणून त्यांनी ती तिच्या पेटीत तळाशी घातली, कुलूप लावले आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. सकाळी घाटावर आलो तर सामानाची नाव पुढे निघून गेलेली होती आणि पेटी तिच्यात होती.

नदीवर धुके असे दाटले होते की चार हातांवरचे पाणी दिसत नव्हते. काशी नावेत बसली होती. अंगावर नुसता पातळ शालू, दात वाजत होते, आणि रडे आवरायला तिने ओठ दाबले होते म्हणून ते अधिकच कळत होते. फुवांनी किल्ली चाचपली. मग एकदम कोटाची बटणे काढायला घेतली. इतकी वर्षे घातलेला कोट, पण त्या सकाळी त्यांची बोटे भलत्याच बाजूला जात होती. एक बटण निघाले, दुसरे अडकले. तोवर पाटील उठले. त्यांनी आपला तपकिरी कोट काढला आणि काशीच्या खांद्यांवरून पांघरला, पुढून दोन्ही कडा ओढून नीट जुळवल्या, आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर तिच्यासमोर बसले, वारा अडेल असे. नावाड्याने बांबू टेकला.

फुवा अर्धा कोट उघडा टाकून उभे राहिले. फुई म्हणाली, "बटनं लाई ल्या, हिव वाजी." त्यांनी ऐकले नाही. नाव धुक्यात गेली, मग वल्ह्यांचा आवाजही गेला. तरी ते हलेनात. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही हात उचलत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारले, "पोचनी का रे ती?"

मला काय दिसणार होते? समोर नुसते पांढरे होते. पण मी म्हणालो, "पोचनी, फुवा. तठेन हात हालाई ऱ्हायनी."

फुवांनी ते खरे मानले. त्यांनी हात वर केला आणि त्या धुक्याकडे बघत किती तरी वेळ हलवत राहिले.